सॅक्रामेंटो: मोसमाच्या पहिल्या आठवड्यात किंग्जच्या घरी

अमेरिकेत एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना बघायचा म्हटलं की आपल्याकडची मंडळी लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोचं नाव घेतात. मी सॅक्रामेंटो म्हटलं तेव्हा फ्रीमाँटला राहणारा माझा दादाही चकित झाला. "अगं, सॅन फ्रान्सिस्कोचे वॉरियर्स इथे हाकेच्या अंतरावर आहेत. स्टीफन करीसारख्या खेळाडूला बघायचं सोडून तू तिकडे कुठे निघालीस?"

मला मात्र सॅक्रामेंटोचा संघ, किंग्जच बघायचे होते. ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये भारतातल्या पहिल्यावहिल्या एनबीए सामन्यांपैकी दुसरा झाला, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. मोसमाआधीचा सराव सामना होता, पेसर्सनी १३०-१०६ असा जिंकला. त्या पेसर्समध्ये दोमांतास साबोनिस नावाचा लिथुआनियाचा उंचापुरा खेळाडू होता. कॉलेजात मी सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, खेळायचे, त्यामुळे माझी नजर आपोआप सेंटरवरच जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत तोच साबोनिस अदलाबदलीत किंग्जकडे आला. शिवाय किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, एनबीए संघाची सूत्रं हाती असलेले पहिले भारतीय वंशाचे मालक. या सगळ्यामुळे पुण्यात सकाळच्या चहाबरोबर किंग्जचे सामने बघायची सवय लागली ती लागलीच.

एनबीएचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये जाहीर होतं. दिवाळीला दादाकडे जायचं ठरलेलंच होतं, तारखाही जुळल्या. घरचा पहिला सामना गुरुवारी २४ ऑक्टोबर २०२४ ला मिनेसोटाशी, दुसरा सोमवारी २८ तारखेला पोर्टलंडशी. मधल्या शनिवारी संघ लॉस एंजेलिसला जाणार होता. मग ठरवलं, पूर्ण आठवडाअखेर गावातच राहायचं.

गुरुवार

फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉर ही रेल्वे थेट सॅक्रामेंटोला जाते. गाडीने जायचं असेल तर ट्रॅफिकचा विचार करा, आणि मग रेल्वेच घ्या. रिचमंडनंतर रूळ पाण्याला अगदी खेटून धावतात, मार्टिनेझला सामुद्रधुनीवरचा लांब पूल लागतो आणि पलीकडे सुइसूनची दलदल सुरू होते. मैलोनमैल लव्हाळी, मध्येच एखादा पांढरा बगळा. ऑक्टोबरात इथल्या टेकड्या हिरव्या नसतात, वाळलेल्या गवताने पिवळ्याधमक झालेल्या असतात. डेव्हिसला माझी भाची चढली. तिथल्या विद्यापीठात शिकते. अंगात जांभळा टी-शर्ट, पाठीवर १० आकडा.

"आत्या, तू निळा कुर्ता घालून आलीस? निळा मिनेसोटाचा!" गाडीत बसल्या बसल्या तिने स्वतःचा जांभळा स्कार्फ माझ्या गळ्यात टाकला.

सॅक्रामेंटोच्या स्टेशनात उतरलात की लगेच बाहेर पळू नका. प्रतीक्षालयात भिंतभर चित्र आहे, १८६३ मध्ये याच शहरात अमेरिका ओलांडणाऱ्या रेल्वेमार्गाची पहिली कुदळ पडली त्याचं. तिथून स्टेडियम, म्हणजे गोल्डन १ सेंटर, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. आमचं हॉटेलही त्याच वाटेवर घेतलं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण सामना संपेपर्यंत परतीची शेवटची रेल्वे निघून गेलेली असते.

२०१६ मध्ये उघडलेलं हे स्टेडियम शहराच्या ऐन मध्यावर आहे, मरगळलेला एक जुना मॉल पाडून उभारलेलं. भोवती हजारो गाड्यांचं पार्किंगचं रण नाही. रस्ता ओलांडला की दुकानं, खाण्याची ठिकाणं, मग मोठा चौक आणि चौकाच्या टोकाला स्टेडियम. दर्शनी बाजूला विमानाच्या हँगरला असतात तसले प्रचंड दरवाजे आहेत. हवा चांगली असली की ते वर उचलतात. उन्हाळ्यात आणि शरदात इथे संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडून गार वारा येतो, लोक त्याला डेल्टा ब्रीझ म्हणतात. इमारत थंड ठेवायला त्या वाऱ्याचाही उपयोग करून घेतलाय. दुपारी कडक ऊन होतं आणि सहाच्या सुमारास खरोखरच वारा सुटला. हलकं जॅकेट जवळ ठेवाच.

आत जाण्याबद्दल थोडं. तिकीट फोनवरच असतं, त्यामुळे फोन पूर्ण चार्ज हवा. आत रोख चालत नाही, कार्ड न्या. मोठी बॅग आणू नका. आणि दरवाजे उघडल्या उघडल्या आत जा. सामन्याआधीचा सराव हा तिकिटाचा अर्धा मोबदला आहे, आणि बरेच लोक तो चुकवतात. त्या वेळी खालच्या मजल्यावर जाऊन कठड्यापाशी उभं राहता येतं का, ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. आम्हाला एका मावशीबाईंनी हसून वाट दाखवली.

तिथून मी डीमार डीरोझनला सराव करताना पाहिलं. त्याच जुलैत तो शिकागोहून किंग्जकडे आला होता, तेव्हा वय ३५. आजकाल सगळे तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारतात. हा अजूनही रेषेच्या आत पंधरा-सोळा फुटांवरून मारतो. एकाच जागी उभा राहून तो एकच गोष्ट घोटत होता: पाठ रिंगकडे, डावा खांदा किंचित हलवायचा, समोरचा उडाला असं धरायचं, मग उजवीकडे वळून शांतपणे उडी. चेंडू जाळीत पडला की मदतनीस परत द्यायचा आणि पुन्हा तेच. इतक्या वर्षांनंतर, हजारो गुण नावावर असताना, पहिल्या सामन्याच्या तासभर आधी तो मूळाक्षरं गिरवत होता. भाची कुजबुजली, "आत्या, पायांकडे बघ, पाय आधी वळतात." पोरीला खेळ कळतो.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, पण मैदानाच्या मध्यरेषेसमोर होत्या. माझ्या मते रिंगमागच्या खालच्या महागड्या जागेपेक्षा ही चांगली. संघ आक्रमण कसं रचतो ते वरून नकाशासारखं दिसतं. साबोनिस रिंगपासून दूर, फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी चेंडू धरून उभा राहायचा, डिएरन फॉक्स (तो तेव्हा किंग्जमध्ये होता) किंवा मलिक मंक त्याच्या अंगाला घासून जायचा आणि जाताना चेंडू हातातून हातात सरकायचा. टीव्हीवर हे एक पाऊल वाटतं. वरून कळतं की त्या पावलाने पाचही बचावपटू एकेक वीत हलतात आणि कुठेतरी फट पडते.

शेजारी एक आजोबा-आजी होते. राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा, मांडीवर गाईच्या गळ्यातली पितळी घंटा. किंग्जच्या चाहत्यांची ही जुनी खूण. लॉस एंजेलिसच्या लेकर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गाई-गुरांचं गाव म्हणून हिणवलं, तेव्हा इथल्या लोकांनी खऱ्याच घंटा आणल्या आणि लेकर्सच्या कानाशी वाजवल्या. आजोबा १९८५ पासून येतात, म्हणजे संघ कॅन्सस सिटीहून इथे आला तेव्हापासून. तो मोसम सॅक्रामेंटोतला चाळिसावा. २००२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत लेकर्सविरुद्ध हरलेल्या सहाव्या सामन्याचा विषय मी काढला, तर आजी म्हणाल्या, "तो विषय काढलास तर आज सामना बघायचा राहील." त्या सामन्यातल्या पंचांच्या निर्णयांबद्दल इथे बावीस वर्षांनंतरही लोक पोटतिडकीने बोलतात.

२०१३ मध्ये हा संघ सिअ‍ॅटलला विकला जाणार होता, जवळजवळ गेलाच होता. तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन हे स्वतः माजी एनबीए खेळाडू. त्यांनी धावपळ करून नवे खरेदीदार उभे केले, रणदिवे पुढे आले, आणि मे महिन्यात एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. आजोबा त्या काळात प्रत्येक सभेला गेले होते. नव्या स्टेडियमसाठी शहराने सुमारे २५ कोटी डॉलर घातले. आजी तेव्हा या खर्चाच्या विरोधात होत्या, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. "अजूनही मला वाटतं की तो पैसा शाळांचा होता. पण संघ गेला असता तर आम्ही दोघं संध्याकाळी घरात बसून राहिलो असतो, हेही खरं." मला त्यांचं पटलं, दोन्ही बाजूंनी.

वर छताशी जुन्या नामांकित खेळाडूंचे निवृत्त केलेले, म्हणजे पुन्हा कुणाला न देण्याचे, क्रमांक टांगलेत: वेबरचा ४, दिवाचचा २१, स्तोयाकोविचचा १६. त्यांत ६ क्रमांकही आहे, कुठल्याही खेळाडूचा नव्हे, प्रेक्षकांचा, मैदानावरच्या पाच जणांनंतरचा सहावा म्हणून. २००६ नंतर सोळा मोसम हा संघ प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, पोचला नाही, आणि तरी माणसं येत राहिली. त्या ६ चा अर्थ मला आजोबांच्या शेजारी बसून कळला.

सामना शेवटच्या क्षणापर्यंत गेला. मिनेसोटाच्या अँथनी एडवर्ड्सचे ३२ गुण, नुकत्याच न्यूयॉर्कहून आलेल्या ज्युलियस रँडलचे ३३. शेवटच्या मिनिटांत सगळं स्टेडियम उभं होतं, घंटांचा आवाज छातीत जाणवत होता. ११७-११५. हरलो. किंग्ज जिंकले की छतावरून आकाशात जांभळा लेझर सोडतात. त्या रात्री आकाश काळंच राहिलं. बाहेर पडताना आजोबा म्हणाले, "मोसमातल्या ८२ पैकी एक झाला." आणि सोमवारी भेटायचं ठरलं.

शुक्रवार

उशिरा उठलो. दिवस जुन्या सॅक्रामेंटोत घालवला, नदीकाठची लाकडी पदपथांची वस्ती. १८६१-६२ च्या महापुरानंतर या शहराने आपले रस्तेच एक मजला वर उचलले. जुने तळमजले आता तळघरं झालेत, त्यांतून मार्गदर्शक फिरवून आणतात. अवश्य जा. नदीला कंटाळून गाव हलवायचा पर्याय होता, तो त्यांनी घेतला नाही. इथल्या लोकांचा संघाबाबतचा हट्ट समजून घ्यायला ही तळघरं उपयोगी पडतात.

कॅलिफोर्नियाचं राज्य रेल्वे संग्रहालयही इथेच आहे. वाफेच्या अजस्र इंजिनांची आवड असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळी सोनेरी टॉवर ब्रिजवर चालत गेलो. जेवण साधंच झालं, घेवड्याचे टाको आणि भाजलेलं कणीस.

शनिवार

सकाळी मिडटाउनचा शेतकरी बाजार. सॅक्रामेंटो खोऱ्यात तांदूळ, टोमॅटो, बदाम, अक्रोड अमाप पिकतात आणि ऑक्टोबर म्हणजे डाळिंब आणि पर्सिमनचा हंगाम. एका ह्मोंग (आग्नेय आशियातला एक समाज) आजींच्या टेबलावर कारली, चवळीच्या शेंगा आणि गवती चहाची जुडी बघून मी थबकलेच. त्यांना इंग्रजी बेताचं, मला त्यांची भाषा शून्य. मी गवती चहा उचलून कप ओठाला लावायची खूण केली, त्यांनी मान हलवून सूपची वाटी ढवळायची खूण केली. मग एक पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. जुडी घेतली आणि हॉटेलच्या खोलीत चहात टाकली.

टॅक्सीवाले भाई पंजाबी होते, युबा सिटीजवळ त्यांच्या काकांची आलुबुखाराची बाग. सॅक्रामेंटो खोऱ्यात पंजाबी शेतकरी शंभराहून अधिक वर्षं आहेत. सिम भुल्लरचं नाव त्यांनीच काढलं. एप्रिल २०१५ मध्ये तो किंग्जकडून मैदानात उतरला, भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू. "बस, कुछ सेकंड खेला था पहली बार," भाई म्हणाले, "पण त्या रात्री आमच्या गुरुद्वाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं." हिंदी-पंजाबीतून बोलता बोलता त्यांनी मला आजचा सामना कुठे बघायचा तेही सांगितलं.

तो सामना लॉस एंजेलिसला लेकर्सशी. आम्ही स्टेडियमजवळच्या एका खाणावळीत मोठ्या पडद्यावर बघितला. परगावचा सामना गावातल्या लोकांबरोबर बघायचा हा अनुभव कुणी चुकवू नये. तिकीट लागत नाही आणि बाजूच्या टेबलावरचं तज्ज्ञ समालोचन फुकट. लेब्रॉन जेम्सने वयाच्या ३९ व्या वर्षी ट्रिपल-डबल केलं (गुण, रिबाउंड आणि पास, तिन्हींत दोन आकडी कामगिरी) आणि किंग्ज १३१-१२७ असे पडले. दोन सामने, दोन हार, तीही मिळून सहा गुणांनी. भाची गप्प झाली. पलीकडच्या टेबलावरची एक तरुण आई मुलाला समजावत होती की गेल्या वर्षी ४६ जिंकले तरी प्लेऑफ हुकली, त्यामुळे पश्चिम विभागात प्रत्येक सामना मोजायचा. आठेक वर्षांचा मुलगा गंभीरपणे मान हलवत होता.

रविवार

अमेरिकन नदीच्या काठाने फिरलो. शरदात समुद्रातून सॅमन मासे अंडी घालायला या नदीत परततात. निंबस धरणाखाली उथळ पाण्यात एक-दोन पाठी दिसल्या, काळसर, जखमी, प्रवाहाविरुद्ध जोर लावणाऱ्या. बाकी दिवस आराम.

सोमवार

वसुबारस. सकाळी दादा-वहिनींचा फोन झाला. वहिनीने येताना चकल्यांचा डबा दिला होता, त्यातल्या थोड्या वेगळ्या बांधून ठेवल्या. आत खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून पुडी हॉटेलातच राहिली.

पोर्टलंड हा तेव्हा नवी बांधणी करणारा संघ, म्हणून तशाच जागेचं तिकीट गुरुवारपेक्षा बरंच स्वस्त पडलं. इथे एक गोष्ट सांगते, ती तिकीट घेताना कामी येईल. नावाजलेला प्रतिस्पर्धी आणि आठवडाअखेर टाळा, सोमवार-मंगळवार धरा. आणि संघाला लागोपाठ दोन रात्री सामने असतील तर पहिल्या रात्रीचं घ्या. दुसऱ्या रात्री मोठ्या खेळाडूंना विश्रांती देण्याची शक्यता असते. किंग्जना मंगळवारी युटाला खेळायचं होतं, म्हणून सोमवार पक्का होता.

आजोबा घंटा घेऊन हजर होतेच. मी त्यांना वसुबारस सांगितली: आज आमच्याकडे गाय-वासराची पूजा करतात, दूध-तुपाचं काही खात नाहीत, दिवाळी आजपासून. आजोबांनी घंटा भाचीच्या हातात दिली. "मग आज ही तुमच्याकडे." तिने ती पहिल्या सत्रापासून वाजवली. जड होती, आतली जीभ झिजून एका बाजूला पातळ झालेली, आणि मूठ धरायच्या पट्ट्यावर जांभळा चिकटपट्टीचा थर चढलेला. चौथ्या सत्रात तिचं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी घेतली.

किंग्जनी त्या रात्री बचाव केला. गुरुवारी शेवटच्या क्षणी जो ताण होता तो नव्हता. आघाडी राखली आणि १११-९८ असा सामना घेतला, मोसमातला पहिला विजय. शेवटचं मिनिट उरलं आणि वरच्या मजल्यावरून सुरू झालं: "लाइट द बीम! लाइट द बीम!" खाली पोचेपर्यंत सतरा हजारांचा एक गळा झाला. २०२२ पासूनची ही प्रथा. सामन्यानंतर मोठ्या जांभळ्या बटणावर हात पडतो आणि छतावरून प्रकाशाचा खांब सरळ वर जातो.

इथे घाई करून बाहेरच्या चौकात या. आतून बटण दिसतं, पण बीम बाहेरूनच बघायचा. आम्ही हँगरच्या दरवाजातून गर्दीबरोबर बाहेर पडलो, माना वर. जांभळा म्हणजे फोटोत दिसतो तसा मवाळ नाही, डोळ्याला झोंबणारा, काठ धारदार. अनोळखी माणसं एकमेकांना टाळ्या देत होती. त्या गर्दीत ती शनिवारची आई आणि मुलगाही दिसले, मुलगा खांद्यावर.

भाची धावत हॉटेलात जाऊन पुडी घेऊन आली. आजी-आजोबांनी चकल्या तिथेच चौकात उभ्या उभ्या खाल्ल्या. आजींनी तिखट किती ते विचारलं, मग दुसरी उचलली. घंटा परत दिली तेव्हा आजोबांनी भाचीला मोसमाच्या तारखा वाचून दाखवल्या आणि बोटाने एकावर टकटक केलं.

मंगळवारी सकाळच्या रेल्वेने मी फ्रीमाँटला परतले, धनत्रयोदशीला. दिवाळी झाली आणि मी पुण्याला आले. इथून सामने बघणाऱ्यांसाठी: तिकडची घड्याळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला तासभर मागे जातात (२०२४ मध्ये ३ नोव्हेंबरला गेली), त्यामुळे सॅक्रामेंटोतला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे त्यानंतर साडेसातऐवजी सकाळी साडेआठला सुरू होतो. ऑफिसवाल्यांना अवघड, पण शनिवार-रविवारी छान जमतं. आणि प्रत्यक्ष जायचा बेत असेल तर मोसम साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. डिसेंबर-जानेवारीत त्या खोऱ्यात दाट धुकं पडतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रेल्वेच बरी.

आजोबांनी टकटक केलेली तारीख १५ नोव्हेंबर होती. एनबीए कप या मोसमातल्याच छोट्या स्पर्धेचा सामना, पुन्हा तोच मिनेसोटा, पुन्हा याच स्टेडियममध्ये. भाचीने तिकीट काढलं, त्यांच्याच रांगेत.